बारवेचे दगड

देऊळवाडी, ता. मेहकर
१२ डिसेंबर १९३७

ती. भाऊस सत्यभामेचा नमस्कार.

खामगावला कापसाच्या जिनात तुझी राहण्याची सोय लागली हे वाचून बरं वाटलं. आबांना तुझं पत्र दोनदा वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "बाकी काही?" मी सांगितलं, कागद जिनाच्या वहीतून फाडलेला आहे, शाईत पाणी घातलेलं आहे आणि ओळी उजवीकडे वर चढत गेल्या आहेत. आबा हसले. म्हणाले, "गुडघ्यावर कागद ठेवून लिहिते लेकाचा. इतक्या पट्ट्या मारल्या बोटांवर, काई उपयोग नाही."

मोतीबिंदूने दिसेनासं झाल्यापासून ते सगळं टपाल असंच पाहतात. आधी मजकूर, मग बाकीचं. मजकुरात मी पदरचं घालायचं नाही आणि त्यातलं काढायचं नाही. बाकीच्यात अक्षर, शिक्का, कागद, जे दिसेल ते सगळं सांगायचं. गावाचं पंचपण ते आता या माझ्या सांगण्यावर चालवतात. त्यामुळे मला रोज भीती वाटते की माझ्या हातून काही सुटेल.

बारवेचं काम होणार असं दिसतं. लोकल बोर्डाचं पत्र आलं आहे. दगड आणि अर्धा खर्च गावाने उभा करायचा, बाकीचा अर्धा बोर्ड देईल. ठराव मात्र मार्चअखेर पोचला पाहिजे. पायऱ्या बुजवायच्या, वर कठडा बांधायचा आणि दोन रहाट बसवायचे, म्हणजे कुणी पाण्यात उतरणार नाही. दगड तर घरटी एक गाडी याप्रमाणे येऊन पडलेसुद्धा. भाजीचा मळा करणारी झुंबरबाई, जिचा गुडघा नारूने वाकून राहिला आहे, तिने दुसऱ्याची गाडी मागून आणली आणि दगड उतरेपर्यंत काठी टेकून उन्हात उभी राहिली.

आरोग्य खात्याचा छापील कागद मी आबांना इतक्यांदा वाचला आहे की तो मला पाठ झाला. नारूचा रोगी पायऱ्या उतरून पाण्यात उभा राहिला की त्याच्या फोडातून जंताची पिल्लं पाण्यात जातात. ते पाणी जो पितो त्याच्या अंगात जंत वर्षभर वाढतो आणि पुढच्या उन्हाळ्यात पाय फोडून बाहेर येतो. पाणी दुपदरी फडक्यातून गाळावं असंही त्यात लिहिलं आहे. आपल्या घरी मी गाळते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तुझ्या शेटचा, रंगरावांचा, पंचांना निरोप आला आहे. त्यांना तू खेळतोस त्या हुतुतूच्या संघासाठी गावठाणात मैदान आणि लोकांना बसायला दगडी पायऱ्यांची बैठक हवी आहे, आणि ती गावाने बांधून द्यावी. बारवेचे दगड आयतेच आहेत म्हणतात. नाही दिली तर संघ खामगावला जाईल, देऊळवाडीचं नाव काढून खामगावचं लावेल. गावात दुसरं बोलणंच उरलेलं नाही. तू तिथेच राहतोस. खामगाववाले खरंच संघ मागताहेत का? खरं असेल तेवढंच लिही.

तुझी
सत्यभामा

खामगाव
२ जानेवारी १९३८

चि. सत्यभामेले अनेक आशीर्वाद.

तुहं पत्र पोचलं. जिनात रुई इतकी उडते का नाकातून वाती निघतात. पन सांजच्याले खेळ राह्यते म्हून दिवस निभते. मलकापूरच्या संघाले आमी धुऊन काढलं. माह्या शेवटच्या चालीले तीन गडी माह्या टांगेले लटकले होते. त्याइले ओढत आनलं अन् मधल्या रेघेले बोट टेकवूनच दम सोडला. लोक बोंबलून राह्यले, "देऊळवाडी! देऊळवाडी!" आपल्या गावाचं नाव आजवर इथं कोनी ऐकलं होतं काय बापा? एक म्हातारा मले म्हने, "कुठीसा आलं बे हे देऊळवाडी?" म्या म्हटलं, तुमच्या मलकापूरच्या छातीवर.

खामगाववाल्याइचं तू विचारलं. लोक येतात, खेळ पाहून जातात, एवढं मले ठाऊक. शेटच्या मनातलं शेटले ठाऊक. पन शेट म्हनते, "मी गड्याइले दूधतूप घालतो, गावानं दोन दगड घालाले काय जाते?" यात खोटं काय हाये सांग. बारव चार पिढ्याची हाये. आनखी एक वर्ष थांबली तं कुठी पळून जाते? संघ मातर जाईन. आबाले नीट समजावजो. तू वाचून दाखवतं तं त्याइले पटते.

अन् फडक्याचं नाव काढू नको. मागच्या खेपेले तू माह्या लोट्यावर फडकं बांधून देलं, तं सारे गडी मले महिनाभर 'सोवळा बुवा' म्हनत होते.

तुहा भाऊ
हिंमत

देऊळवाडी
३ मार्च १९३८

ती. भाऊस नमस्कार.

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी मारोतीच्या पारावर सभा झाली. रंगराव स्वतः आले होते. बोलताना त्यांचा आवाज चढत नाही, हे तुला माहीतच आहे. ते म्हणाले, "मले काय, मी कुठीही राहीन. पन तुमचे पोट्टे उद्या खामगावच्या नावानं खेळतीन, तवा टाळ्या वाजवाले तिथं जासान काय?" माणसं खाली पाहू लागली.

तेव्हा बायकांच्या बाजूने झुंबरबाई बोलली. "रंगराव, बैठक बांधसान त्या पायऱ्या मी चढू कशी? अन् बारवेच्या उतरू कशी? मले वरतीही पायऱ्या अन् खालतीही पायऱ्या!" लोक हसले. रंगरावही हसले आणि म्हणाले, "बाई, तुले पालखीतून नेऊ." पुन्हा सगळे हसले. झुंबरबाई हसली नाही.

मग रंगरावांनी एक पत्र पुढे केलं. खामगावच्या एका व्यायाम मंडळाच्या चिटणिसाचं होतं. तुमचा संघ आम्हाला द्यावा, आम्ही पक्की बैठक देऊ, चैत्रापर्यंत उत्तर कळवावं, असा मजकूर. शाळेचे मास्तर मेहकरला गेले होते. आबा म्हणाले, "सत्या, वाच."

मी पुढे गेले. कागद हातात घेतला. भाऊ, ओळी उजवीकडे चढत गेल्या होत्या.

मी मजकूर वाचला. पदरचं काही घातलं नाही, त्यातलं काढलं नाही. वाचून झाल्यावर आबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "बाकी काही?"

मी म्हणाले, "काही नाही."

आजवर मी त्यांना हे उत्तर खोटं दिलं नव्हतं. ते पत्र तू लिहिलंस का? होळीनंतर दोन दिवसांनी पुन्हा सभा आहे, त्यात ठराव होईल. मैदानाकडे दगड गेले की बोर्डाची मुदतही जाईल. त्याआधी मला उत्तर पाहिजे. कदाचित मी चुकत असेन. चुकले असेन तर मला खूप रागावून लिही, मी आनंदाने वाचेन.

सत्यभामा

खामगाव
९ मार्च १९३८

सत्या,

म्याच लिहिलं.

शेट सांगत गेला अन् मी लिहीत गेलो. त्याचं म्हननं, जिनात बालबोध अक्षर तुहंच बरं हाये. मले वाटलं मास्तर वाचीन. तू वाचशीन हे डोक्यात आलंच नाही. आलं असतं तं म्या हात मोडून घेतला असता.

खामगावच्या कोनीबी संघ मागितला नाही. इथल्या लोकाइले आमचं काईच पडलेलं नाही. खेळ झाला का धोतर झटकून घरी जातात. शेट म्हने, थोडा धाक घातल्याबिगर गाव हलत नाही. मैदान झालं का मले कप्तान करीन अन् बारमाही कामावर ठेवीन, असं त्यानं मारोतीची आन घेऊन सांगितलं. नाहीतं कापसाचा हंगाम सरला का मी आहोच पुन्हा ढेकळं फोडाले.

तुह्या पाया पडतो, बोलू नको. तू बोलली तं शेट मले हाकलीन हे वेगळं. पन आबाच्या पोरानं खोटं पत्र लिहिलं, हे पारावर निघालं तं आबा कोन्या तोंडानं पंचात बसतीन? एकच वर्ष. पुढच्या साली बारवेचं काम मी सोता उभा राहून करीन. शेटकून करून घेईन.

हे पत्र चुलीत घालजो.

हिंमत

देऊळवाडी
२२ मार्च १९३८

ती. भाऊस नमस्कार.

ठराव झाला. दगड मैदानाला.

मी तीनदा आबांजवळ जाऊन बसले. ते अंगणात उन्हाकडे पाठ करून बसलेले असतात. तिन्ही वेळा त्यांना माझी चाहूल लागली आणि त्यांनी विचारलं, "काय आलं टपालात?" तिन्ही वेळा मी म्हणाले, आज टपाल नाही.

मी आबांच्या मानासाठी गप्प राहिले, असं स्वतःला सांगते. ते पूर्ण खरं नाही, आणि अर्धवट खरं लिहून आता माझं काही भलं होणार नाही. तुमचा खेळ असला की मीही मागच्या ओट्यावर बायकांत उभी राहते. तू दम धरून पलीकडे गेलास की माझाही श्वास अडकतो. भाऊ, संघ जायला मलाही नको होता. म्हणून तुझं म्हणणं मला लवकर पटलं.

काल गाड्यांनी दगड हलवले. ज्यांनी बारवेवर आणून टाकले होते त्यांचेच बैल, त्यांच्याच गाड्या. झुंबरबाई तिच्या वाट्याच्या ढिगावर बसून राहिली. दोघांनी तिला हाताला धरून उठवलं आणि दगड उचलले. ती माझ्याकडे बराच वेळ पाहत होती, का ते कळलं नाही. तिला वाचता येत नाही.

बैठकीवर बसायला पैसे पडतील आणि ते रंगराव घेतील, असंही आता कळतं. ठरावात हे नव्हतं. मी ठराव दोनदा वाचला होता, त्यात हे नव्हतं.

तुझं पत्र मी चुलीत घातलं नाही.

सत्यभामा

खामगाव
१४ मार्च १९३९

चि. सत्यभामेले आशीर्वाद.

तीन महिने पत्र नाही म्हून रागावू नको. हंगामात सलग खेळ होते. आता अंतिम सामना पाडव्याले हाये. शेटनं अकोल्याहून पाहुने बोलावले.

माहा पाय जरासा मुरगळला हाये, काई नाही. गुडघ्याच्या खालती सुजला अन् आग होऊन राह्यली. वरतून पानी टाकलं का बरं वाटते. शालिग्राम अन् आनखी दोघा गड्याइचेही पाय दुखतात. खेळताना लागते कोनाले ना कोनाले.

आबाचे डोळे कसे हायेत?

हिंमत

देऊळवाडी
१७ मार्च १९३९

भाऊ,

पाय मुरगळल्यावर त्याची आग होत नाही, आणि चार जणांचे पाय एकाच वेळी मुरगळत नाहीत.

सुजेवर फोड आला असेल. आला नसेल तर येईल. पाण्याने बरं वाटतं, कारण त्या जंताला पाणी हवं असतं. गेल्या वैशाखात गावी होतात तेव्हा तुम्ही तालीम झाली की घामेजलेले थेट बारवेत उतरायचात आणि शेवटच्या पायरीवर बसून ओंजळीने प्यायचात. पाणी तळाला गेलं होतं. बाजूच्या पायरीवर पाय सोडून नारूचे रोगी बसत, त्यांनाही पाण्यानेच बरं वाटायचं. मी एकदा वरून फडकं घेऊन हाक मारली होती. तू हात हलवलास.

आता हे नीट वाच. जंताचं टोक दिसलं की ओढू नकोस. काडीला गुंडाळायचं आणि रोज एक बोटभर, तेवढंच काढायचं. महिना लागेल. वर ओलं फडकं ठेवायचं, पण पाय कुठल्याही विहिरीत किंवा टाक्यात बुडवायचा नाही. जंत आत तुटला तर पाय सडतो, नाहीतर गुडघा कायमचा धरतो. झुंबरबाईचा तुटला होता.

खेळू नकोस. रंगरावांनी कितीही सांगितलं तरी खेळू नकोस. शालिग्रामलाही हेच सांग.

सत्यभामा

खामगाव
११ एप्रिल १९३९

सत्या,

तुहं पत्र सामन्याच्या आदल्या दिवशी भेटलं. काडी गुंडाळली होती. जंत बोटभर बाहेर आला होता.

शेट आला, पाय पाह्यला, म्हने, "एवढ्याशा दोऱ्यापायी अकोल्याच्या पाहुन्याइले वापस पाठवू काय?" मालिशवाल्यानं माहा पाय मांडीत धरला अन् ओढला. तुटला. मी सामना खेळलो. दोन चाली झाल्या, तिसऱ्या चालीत पाय खालती टेकलाच नाही.

तवापासून दवाखान्यात हाये. डाक्तरनं तीनदा चिरलं. म्हनते पाय राहीन, पन गुडघा वाकनार नाही. शालिग्रामच्या दोन्ही पायाइले हाये. अकरा गड्याइत सहा जन असे पडले हायेत. शेट एकडाव येऊन गेला. फळं आनली होती. म्हने, "देऊळवाडीचं पानीच खराब, मी तं अगुदरच म्हनत होतो." त्यानं खामगावच्या पोट्ट्याइचा संघ उभा केला. बनेनी नवे शिवले, त्याइवर खामगाव लिहिलं हाये. बारमाही कामाचं विचारलं तं म्हने, उभ्यानं करायचं काम हाये, तुले कसं जमीन?

म्हंजे जे खोटं म्या लिहिलं होतं, ते आता खरं झालं.

सत्या, हे पत्र पारावर वाचजो. खामगाववाल्याचं पत्र शेटनं सांगितलं अन् म्या लिहिलं, कोनी संघ मागितला नव्हता, हे सारं वाचजो. काईच गाळू नको. आबाले वाईट वाटलं तरी गाळू नको.

पाय लांब करून लिहून राह्यलो, पाठीमागं उशी हाये अन् मांडीवर पाटी. पाह्य, ओळी सरळ आल्या.

हिंमत

देऊळवाडी
२ मे १९३९

ती. भाऊस सत्यभामेचा नमस्कार.

पत्र वाचलं. सगळा गाव जमला होता. एकही शब्द गाळला नाही. 'शेटनं सांगितलं अन् म्या लिहिलं' इथे आले तेव्हा रंगरावांचा कारभारी उठून गेला. शालिग्रामची आई खाली बसली. मी पुढे वाचत राहिले, ओळी सरळ आल्या इथपर्यंत.

आबांनी विचारलं, "बाकी काही?"

मी म्हणाले, "आहे." आणि सांगितलं की पहिलं पत्र हातात घेतलं तेव्हाच मी अक्षर ओळखलं होतं, आणि त्यांनी विचारलं तेव्हा काही नाही म्हणाले.

झुंबरबाई तेवढी बोलली. "दोघा बहीनभावाले लिहितावाचता येते," ती म्हणाली, "अन् पाय आमचे गेले." मग काठी टेकत घरी गेली.

यंदा गावात नारूचे चौदा जण आहेत, तुम्ही सहा धरून वीस. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांनी कुणी न सांगता बैठक उकरायला सुरुवात केली. दगड परत बारवेवर आले. बोर्डाची मंजुरी मुदत टळल्याने गेली, त्यामुळे रहाट नाहीत, कठडाही नाही. नुसत्या पायऱ्या बुजवल्या आहेत. बाया वाकून दोराने पाणी ओढतात, हात सोलून निघतात. आणि गेल्या महिन्यापर्यंत जे पाणी लोक प्याले ते अंगात गेलंच आहे. पुढच्या उन्हाळ्यात आणखी किती निघतील, ते आत्ता कुणाच्या पायाकडे पाहून कळत नाही.

आबांचं टपाल आता मास्तर वाचतात. आबा मला रागावले नाहीत. परवा तुझं कार्ड आलं, तेही त्यांनी माझ्यासमोरून नेऊन मास्तरांकडे दिलं. मास्तरांनी वाचलं आणि घडी करून ठेवलं. आबांनी त्यांना बाकीचं काही विचारलं नाही. ते आता कुणालाच विचारत नाहीत. पंचांत जाणंही त्यांनी सोडलं. माझं लग्न त्यांच्या डोळ्यांपायी लांबलं होतं. आता बीबी गावाहून स्थळ आलं आहे आणि त्यांनी होकार कळवला. जूनमध्ये होईल.

त्याआधी तू ये. मेहकरपर्यंत मोटारीने ये, पाय आडवा ठेवता येईल अशी मागची जागा माग. मेहकरला आपली गाडी असेल, तीत कडबा पसरून ठेवायला सांगितलं आहे. ओसरीला दोन पायऱ्या आहेत, तिथे मी मातीची चढण करून घेतली. पाण्याची काळजी करू नकोस. तुझ्यासाठी गाळून ठेवीन, आणि मी बीबीला गेल्यावर फडकं कुठे टांगलेलं असतं ते तुला दाखवून जाईन.

बारवेत आता कुणालाच उतरता येत नाही. तुला एकट्यालाच जमत नाही, असं वाटणार नाही.

तुझी
सत्यभामा